पहिल्या पेनाची किंमत

अंजनगाव सुर्जीतल्या आमच्या दुकानात काउंटरखालच्या खणात एक जाडजूड डायरी आहे. कुठल्याशा विमा एजंटने कधीतरी भेट दिलेली. तिच्यात काकांनी १९९६ पासूनचे छपाईचे भाव लिहून ठेवलेत. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, बिलबुकं, आणि एका वेगळ्या पानावर पेन. १०० नग, २५० नग, ५०० नग, १००० नग आणि समोर दर. दर बदलला की जुना आकडा खोडून शेजारी नवा लिहिलेला. यादीच्या सगळ्यात वर मात्र एक ओळ आहे, ती पंचवीस वर्षांत एकदाही खोडली गेली नाही : '१ पेन – होत नाही.'

मी पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप घेऊन गावी आलो आणि पुढची दोन वर्षं घरूनच काम केलं. संध्याकाळी मीटिंगा संपल्या की दुकानात जाऊन बसायचो. २०२१च्या दिवाळीनंतर माझ्या बचतीतले अडीच लाख घालून आम्ही लेझरचं मशीन घेतलं आणि त्या ओळीखाली पहिल्यांदा दुसरी ओळ आली : '१ पेन – होते. १५० रु.'

हे 'होत नाही' आणि 'होते' यांच्या मधलं अंतर मोजायला म्हणून मी वाचायला बसलो. मला वाटलं होतं, सरळ प्रगतीची गोष्ट निघेल. निघाली वर्तुळाची. एके काळी एक प्रत करणं सहज होतं आणि हजार करणं अशक्य. मग हजार सोप्या झाल्या आणि एक अशक्य झाली. आता एक पुन्हा सोपी झाली आहे. या प्रत्येक वळणावर प्रश्न एकच होता : कुणाचं तरी नाव उमटवायचं, तर त्याचे पैसे नेमके कशाचे घ्यायचे?

लेखनिकाचा हिशेब

आमच्याच अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसामाणसाकडून गोळा केल्या आणि 'लीळाचरित्र' तयार झालं ते तिथे. आता मराठी भाषा विद्यापीठही तिथेच आलं आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ शतकानुशतकं हाताने उतरवले, पुढे तर सांकेतिक लिप्यांमध्ये. त्यातली सकळ लिपी इतिहासाचार्य राजवाड्यांनी उलगडली, तेव्हा कुठे ते पोथ्यांचं भांडार पंथाबाहेरच्या लोकांना वाचता आलं.

पोथी उतरवण्याचं अर्थशास्त्र साधं होतं. पहिल्या पोथीला जितके दिवस, तितकेच दहाव्या पोथीला. कागद घोटायचा, काजळी आणि बाभळीचा डिंक खलून शाई करायची, बोरू तासायचा, ओळी आखायच्या. समर्थांनी दासबोधात लेखनक्रियेसाठी एक अख्खा समास दिला आहे, यावरून त्या कामाचं वजन कळतं. पण दहा पोथ्या उतरवणाऱ्याला अकरावी स्वस्तात पडत नसे. आजच्या भाषेत सांगायचं तर तयारीचा खर्च जवळपास शून्य आणि प्रत्येक नगाचा खर्च प्रचंड. म्हणूनच एक पोथी मागणाऱ्याला 'होत नाही' असं कोणी म्हणत नसे.

त्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक बरेचदा एक मजकूर घालत. त्याचा आशय असा, की मी जसं पाहिलं तसं उतरवलं आहे, शुद्ध-अशुद्ध जे असेल त्याचा दोष मला देऊ नये. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ती नम्रता वाटली होती. दुकानात दोन वर्षं काढल्यावर ती जबाबदारीची वाटणी आहे हे समजलं. त्याबद्दल पुढे.

आमच्या गावाचं नाव पाठ्यपुस्तकात एकदाच येतं, तेही सहीमुळे. १८०३ साली २३ सप्टेंबरला असईची, २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई झाली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला. १७ तारखेला देवगावात भोसल्यांनी तह केला आणि ३० डिसेंबरला दौलतराव शिंद्यांच्या वतीने सुर्जी-अंजनगावचा तह झाला. समोर आर्थर वेलस्ली. गंगा-यमुनेचा दुआब, भडोच, अहमदनगर असं सगळं त्या कागदावर गेलं. टोपीकर पिसाने लिहीत, आपले कारकून बोरूने. लिहिण्याचं साधन दोन्हीकडे मातीमोल होतं. किंमत होती ती खालच्या नावाची आणि शिक्क्याची.

'व'च्या पोटातला तुकडा

छपाईने हा हिशेब उलटा केला. १८३१ मध्ये मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाछापावर मराठी पंचांग काढलं. दगडावर मजकूर उमटवायला मेहनत तेवढीच, पण एकदा दगड तयार झाला की पुढची प्रत म्हणजे कागद, शाई आणि एक दाब. पहिली प्रत महाग, बाकीच्या जवळपास फुकट. मराठी वाचकवर्ग घडला तो या गणितावर. पण त्याच गणितात एकटा माणूस बाद झाला. ज्याला एकच प्रत हवी, त्याने हजारांचा दगड कसा परवडवायचा?

वऱ्हाडात हे गणित छापखान्याच्या आधी बहुतेकांनी पाहिलं असेल ते कापसाच्या गाठींवर. जिनिंग-प्रेसिंगमधून बाहेर पडणाऱ्या गाठीवर प्रेसचं चिन्ह आणि अनुक्रमांक उमटवणं १९२५च्या कायद्याने सक्तीचं केलं. पत्र्यात अक्षरं कापून साचा करायचा, तो गाठीवर धरायचा आणि वरून काळा रंग फिरवायचा. साचा कापायला वेळ जातो, रंग फिरवायला क्षणही लागत नाही.

पत्र्याच्या साच्याला एक जुनं दुखणं आहे. 'व' कापायचा तर त्याच्या पोटातला तुकडा सुटून खाली पडतो आणि अक्षराऐवजी नुसतं भोक उरतं. तो तुकडा धरून ठेवायला मध्ये पूल ठेवावे लागतात, त्यामुळे साच्याची अक्षरं तुटक दिसतात. यावरचा उपाय म्हणजे ताणून बसवलेलं झिरझिरीत कापड. 'व'चं पोट कापडाला चिकटून राहतं आणि शाई आजूबाजूच्या जाळीतून खाली उतरते. मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमनने १९०७ मध्ये रेशमी कापडाच्या अशा पद्धतीचं पेटंट घेतलं. पुढे प्रकाशाने कडक होणारं रसायन कापडावर लावून हवा तो मजकूर त्यात 'एक्स्पोज' करण्याची रीत आली आणि साचा हाताने कापण्याची गरज उरली नाही. हेच आपलं स्क्रीन प्रिंटिंग. एका खोलीत, मोठ्या यंत्राशिवाय आणि फारशा भांडवलाशिवाय होणारा हा धंदा तालुक्या-तालुक्यात पसरला. आपल्या घरातल्या जुन्या लग्नपत्रिका काढून बघा, अक्षरांवरून बोट फिरवल्यावर शाईचा उंचवटा लागला तर ती स्क्रीनची.

काकांनी १९९६ मध्ये पंतप्रधान रोजगार योजनेतून कर्ज काढून हेच दुकान टाकलं. माझा जन्मही त्याच वर्षीचा, त्यामुळे माझ्या आणि दुकानाच्या वयाचा हिशेब घरात एकत्रच होतो.

पेन छापणं पत्रिकेपेक्षा अवघड, कारण पेन गोल. फ्रेमखाली दोन बेअरिंगवर पेन ठेवतात. स्क्वीजी जागेवर धरून फ्रेम आडवी सरकवली की पेन तिच्याबरोबर गोल फिरतं आणि अक्षरं त्याच्या पाठीवर गुंडाळली जातात. हाताचा वेग चुकला की 'श'चा पाय लांबतो. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा शाई जाळीतच वाळते. मग तीत रिटार्डर घालायचं आणि दर पंधरा-वीस पेनांनी कापड थिनरने पुसायचं. पावसाळ्यात उलटं, छापलेलं वाळतच नाही. शिवाय प्लास्टिक-प्लास्टिकात फरक. पॉलिप्रॉपिलीनच्या पेनावर साधी शाई धरत नाही, नखाने निघते. काका प्रत्येक नव्या मालातलं एक पेन छापून वाळवतात, त्यावर सेलोटेप चिकटवून खस्सकन ओढतात आणि टेपला शाई लागली की माल परत.

आता भावाचं बघू. डिझाइन, पॉझिटिव्ह, कापड, रसायन आणि शेवटी फ्रेम धुणं मिळून एका मजकुराची तयारी समजा २०० रुपये. कोरं पेन ३ रुपये, शाई आणि मजुरी १ रुपया. हजार पेनं असतील तर तयारीचे वीस पैसे प्रत्येकावर पडतात, पेन ४ रुपये २० पैशांना पडतं. शंभर असतील तर ६ रुपयांना. एकच असेल तर २०४ रुपयांना. तीन रुपयांच्या पेनावर नाव घालायला दोनशे चार रुपये मागायची काकांची जीभ रेटत नसे, म्हणून त्यांनी डायरीत आकडा न लिहिता 'होत नाही' लिहिलं.

घेणाऱ्याचं नाव, देणाऱ्याचं नाव

पेन तीन रुपयांना मिळू लागण्यापूर्वी गोष्ट वेगळी होती. फाउंटन पेन ही जपायची चीज होती. शाईसुद्धा परदेशी. १९३१ मध्ये दि. प. दांडेकरांनी मुंबईत गिरगावात घोडा छाप शाईची पूड आणि टिकिया विकायला सुरुवात केली, पाण्यात विरघळवायची आणि दौत भरायची. पुढे त्यांनी कॅमल शाई काढली आणि 'कॅमल' अन् 'इंक' मिळून कॅमलिन झालं. त्या काळी पेनावर नाव कोरलं जाई ते मालकाचं. हरवलं तर परत यावं, चोरलं तर ओळखू यावं म्हणून. कोरायला पँटोग्राफ असे. मोठ्या अक्षरांच्या पट्टीवरून एक टोक फिरवायचं आणि दुसरं टोक तेच अक्षर लहान करून पेनावर ओरखडतं. ख्रिस्टोफ शायनरने १६०३ मध्ये शोधलेली ही युक्ती पेनाच्या दुकानात तीनशेहून जास्त वर्षांनीही चालत होती.

मग बॉलपेन आलं. लास्लो बिरो हा हंगेरीचा पत्रकार. वर्तमानपत्राची शाई लगेच वाळते, मग पेनातली का नाही, या प्रश्नावरून त्याने १९३८ मध्ये पेटंट घेतलं. युद्धामुळे तो अर्जेंटिनाला गेला आणि १९४३ मध्ये तिथे पुन्हा पेटंट घेतलं. २९ ऑक्टोबर १९४५ ला न्यूयॉर्कच्या गिंबल्स दुकानात मिल्टन रेनल्ड्सने आपलं बॉलपेन साडेबारा डॉलरला विकायला ठेवलं, तेव्हा लोकांनी गर्दी केली. पाचच वर्षांनी, १९५० मध्ये, फ्रान्समध्ये मार्सेल बिकने पारदर्शक, षटकोनी, टाकाऊ बॉलपेन काढलं. संपलं की फेकायचं. फेकून द्यायच्या वस्तूवर स्वतःचं नाव कोण कोरेल?

इथे एक बदल गुपचूप झाला. पेन स्वस्त झालं तसं त्यावरचं मालकाचं नाव गेलं आणि देणाऱ्याचं आलं. खतवाला, बियाणेवाला, विमा एजंट, पतसंस्था, उमेदवार. आमच्या डायरीतली जवळपास सगळी गिऱ्हाइकं याच जातीची. पेन खिशात राहतं, रोज चारदा दिसतं आणि दर वेळी देणाऱ्याचं नाव दाखवतं. तीन रुपयांच्या वस्तूचा एवढा वचक असतो का? अमेरिकेतल्या औषध कंपन्यांच्या संघटनेला तो इतका वाटला, की २००९ पासून त्यांनी डॉक्टरांना आपल्या औषधांची नावं छापलेली पेनं आणि मग देणं स्वतःच्या आचारसंहितेतून बंद केलं.

सगळीच देणी अशी मतलबाची नसतात. ६ डिसेंबरला आणि १४ एप्रिलला बाबासाहेबांना फुलं-मेणबत्त्यांऐवजी 'एक वही, एक पेन' वाहण्याची हाक महाराष्ट्रात दिली जाते. ती पेनं पुढे शाळकरी पोरांकडे जातात. अशा पेनांवर कुणाचंच नाव नसलं तरी चालतं. काका त्या कामाला नफा लावत नाहीत. डायरीत त्या नोंदींपुढे दर नाही, नुसती खरेदी लिहिली आहे.

अक्षराला चार आणे

गाडगेबाबा आमच्या तालुक्यातल्या शेंडगावचे. स्वतः शाळेत न गेलेला हा माणूस कीर्तनात सांगायचा, की जेवायचं ताट मोडा, भाकर हातावर घेऊन खा, पण पोराला शिकवा. ताट आणि पेन यांचा संबंध त्यांनी असा जोडला. आमच्या दुकानात तो एकदा वेगळ्याच तऱ्हेने जोडला गेला.

अंजनगाव पानमळ्यांचं आणि पानपिंपळीचं गाव. १९९८च्या सुमारास अशाच एका मळ्यावर मजुरी करणारा माणूस दुकानात आला. पोरगा दहावी पास झाला होता, घराण्यातला पहिला. त्याला पोराच्या नावाचं एक पेन हवं होतं. काकांनी त्याला गणित सांगितलं. तो पुन्हा विचारायला लागला तेव्हा म्हणाले, "एका पेनासाठी कोनी फ्रेम लावते का बाप्पा? शंभर घे, नाई तं होत नाई." तो माणूस काही न बोलता उठला. काका हे सांगताना अजूनही नजर चुकवतात.

तो पायरी उतरला आणि काकांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी त्याला हाक मारली, सायकल काढली आणि त्याला भांड्यांच्या दुकानात नेलं. आपल्याकडे स्टीलचं भांडं घेतलं की त्यावर नाव घालून मिळतं. लग्नात दिलेल्या पातेल्यावर देणाऱ्याचं नाव, तारीख, 'सप्रेम भेट'. पूर्वी छिन्नीने ठिपके ठोकत, पुढे विजेवर थरथरणारी लेखणी आली. भाव अक्षराप्रमाणे. त्या दुकानात तेव्हा अक्षराला चार आणे होते. वेलांटी-काना फुकट, जोडाक्षर एकच धरायचं, आणि 'श्री' एक की दोन यावर गिऱ्हाइकाशी रोज वाद.

काकांनी स्टीलच्या टोपणाचं एक शाईपेन घेतलं आणि त्या कारागिराने टोपणावर नाव कोरलं. चार अक्षरं, एक रुपया. जे काम आमचा छापखाना दोनशे रुपयांखाली करू शकत नव्हता, ते हाताने एका रुपयात झालं. कारण हाताला साचा लागत नाही. भांड्यावर नाव घालणारा तो कारागीर हा पोथी उतरवणाऱ्याचा वारस होता, छापखानेवाल्याचा नव्हे. पहिलं नाव आणि शंभरावं नाव त्याला सारखंच.

बारामतीचा किरण

लेझर हाही त्याच घराण्यातला. १९६० मध्ये थिओडोर मेमनने पहिला लेझर चालवला. चारच वर्षांनी, १९६४ मध्ये, अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये सी. कुमार पटेल यांनी कार्बन डायऑक्साइड लेझर शोधला. पटेल बारामतीत जन्मलेले आणि १९५८ मध्ये पुण्याच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतलेले. लाकडावर, ॲक्रिलिकवर जगभरात जी नावं कोरली जातात, त्यातली फार मोठी संख्या त्यांच्या शोधावर उमटते. धातूच्या पेनासाठी आमच्याकडे आहे तो फायबर लेझर. तो दुसऱ्या जातीचा, पण काम तेच : किरण पेनावरचा रंगाचा थर जाळतो आणि खालचा धातू अक्षराच्या आकारात उघडा पडतो. वीसएक सेकंदांत नाव तयार. साचा नाही, कापड नाही, धुणं नाही. पुढच्या पेनावर दुसरं नाव घालायला वेगळा खर्च नाही.

मशीन आलं त्या आठवड्यात मी एक्सेल उघडून भाव काढला. धातूचं पेन, त्यावरच्या जीएसटीसकट (१ ऑक्टोबर २०२१ पासून सगळ्या पेनांवर १८ टक्के), ४० रुपये. डबी १५. वीज रुपयाभर. झाले ५६. म्हणून मी विक्रीचा दर ८० ठेवला आणि नफा चोवीस रुपये म्हणून खूश झालो.

काकांनी शीट पाहिली आणि विचारलं, "याच्यात तू कुठं हाये?"

मला प्रश्न कळला नाही.

"गिऱ्हाईक येते, नाव सांगते, फॉन्ट पाहते, बायकोले फोन लावते, मंग पुन्हा फॉन्ट बदलते. तेवढा वेळ कोन बसते? तू सायबाच्या पगारावर बसून भाव काढून रायला, राजा. मले याच्यावरच घर चालवा लागते."

मग आम्ही दोघांनी मिळून पुन्हा मांडलं. एका पेनामागे बोलणं, मांडणी, कोरणं, पुसणं, डबीत भरणं मिळून पंधरा मिनिटं जातात. तासाला शंभर रुपये धरले तर २५ झाले. मशीन अडीच लाखांचं, पाच वर्षं चालेल, वर्षाला तीनशे दिवस, दिवसाला वीस पेनं धरली तर एका पेनावर मशीनचे ८ रुपये. विसातलं एक पेन बिघडतं, त्याचे २. वीज मशीनच्या आठातच धरली. पेन, डबी, माणूस, मशीन, बिघाड : ४०, १५, २५, ८, २. बेरीज ९०. म्हणजे माझ्या ८० रुपयांच्या दरात दर पेनामागे दहा रुपये आमच्याच खिशातून जात होते आणि मी त्याला नफा म्हणत होतो. दर १५० ठरला तो असा.

यात मला सगळ्यात जास्त टोचलं ते हे, की मी खर्चातून वगळलेली एकमेव गोष्ट म्हणजे माणसाचा वेळ होती. माझ्या नोकरीत माझा वेळ कुणीतरी तासावर विकतं, त्याचा दर मला ठाऊक असतो. गावातल्या दुकानात बसलेल्या माणसाचा वेळ मात्र मला दिसलाच नाही.

रफार

२०२२च्या उन्हाळ्यात एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यासाठी ५०० पेनांची ऑर्डर आली. प्लास्टिकची, स्क्रीनची, ७ रुपये नग. मजकूर व्हॉट्सॲपवर, युनिकोडमध्ये. आमची डिझाइनं जुन्या फॉन्टमध्ये होतात, त्यात अक्षरं जशी दिसतात त्या क्रमाने साठवतात. युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने असतात. 'सुर्जी'तला रफार युनिकोडमध्ये 'जी'च्या आधी येतो, जुन्या फॉन्टमध्ये तो 'जी'नंतर टाकावा लागतो. हे बदल आपोआप करणारा छोटा प्रोग्राम मी मोठ्या अभिमानाने लिहिला होता. रफाराखाली वेलांटी आली तर काय, ही एक शक्यता त्यात राहून गेली. रफार 'जी'वरून घसरून 'सु'वर बसला. पाचशे पेनांवर अंजनगाव 'र्सुजी' छापलं गेलं. स्वतःच्या गावाचं नाव, आणि छापेपर्यंत ना मला दिसलं ना काकांना, कारण डोळा ओळखीचा शब्द वाचतच नाही, गृहीत धरतो.

थिनरने पुसलं तर शाईबरोबर प्लास्टिकची चमकही जाते. सगळी पेनं नव्याने छापली. पेनं आणि छपाई दोन हजार, तयारी दोनशे, आणि हे दोनदा. साडेतीन हजारांच्या कामात चव्वेचाळीसशे गेले. नऊशेचा तोटा. रक्कम मोठी नव्हती. पण त्या मेळाव्याला गाव जमणार होतं आणि पहिला लॉट तसाच गेला असता, तर काकांच्या सव्वीस वर्षांच्या दुकानाला नवं नाव मिळालं असतं.

त्या रात्री मला पोथीच्या शेवटचा तो लेखनिक समजला. जसं पाहिलं तसं उतरवलं, दोष मला देऊ नये. काम कसं झालं याची जबाबदारी त्याची, मजकूर काय होता याची त्याची नाही, ही रेघ त्याने ओढून ठेवली होती. आमच्याकडे ती रेघच नव्हती. काकांच्या काळात ती लागली नव्हती, कारण प्रत्येक अक्षर ते स्वतः हाताखालून घालत. मी मधे प्रोग्राम घातला आणि नाव बरोबर आहे हे बघणारं कुणीच उरलं नाही.

तेव्हापासून दोन गोष्टी बदलल्या. लेझर असो की स्क्रीन, मजकूर आधी कागदावर छापून गिऱ्हाइकाला मोठ्याने वाचायला लावतो आणि खाली सही घेतो. दुसरं म्हणजे, लेझरच्या सॉफ्टवेअरलाही जोडाक्षरं कळत नाहीत. 'श्री' टाकला तर ते श, हलन्त आणि र वेगवेगळे कोरायला निघतं. म्हणून प्रत्येक नाव आधी आकृतीत बदलून, डोळ्याने तपासूनच मशीनला देतो. या तपासणीला चार-पाच मिनिटं लागतात. वरच्या पंधरा मिनिटांत ती धरलेली आहेत.

आता आमच्या भागात आणखी काही लेझर मशीनं आली आहेत. ऑनलाइन तर नावाचं पेन ९९ रुपयांतही दिसतं. शंभर पेनांची कामं त्यांच्याकडे जातात, जाऊ द्यात. साचा गेला, तयारीचा खर्च गेला, आणि त्यासोबत काकांच्या हाताचं कौशल्यही गेलं. गोल पेनावर सरळ अक्षर गुंडाळण्याला आता कुणी पैसे देणार नाही. विकण्यासारखं उरलं आहे ते पोथी उतरवणाऱ्याकडे होतं तेवढंच : हे नाव बरोबर आहे, याची हमी. दीडशेतला मोठा वाटा त्याचा आहे, हे गिऱ्हाइकाला समजावणं हाच आता धंद्याचा अवघड भाग.

मी २०२२च्या अखेरीस पुण्याला परतलो. दुकान काका आणि माझी धाकटी चुलत बहीण चालवतात. गेल्या दिवाळीत गेलो तेव्हा काउंटरवर एक बाई मुलीचं नाव सांगत होती. पोरगी तलाठ्याच्या परीक्षेत निघाली होती. बहिणीने कागद छापला, पुढे सरकवला. बाईला वाचता येत नव्हतं. बहीण क्षणभर थांबली. मग काका उठून आले, त्यांनी नाव एकेक अक्षर करून मोठ्याने वाचलं, बाईने मान डोलावली, "हो, असंच." सहीच्या जागी काकांनी स्वतःची सही केली.

डायरीत त्या दिवशीची नोंद आहे. १ पेन. १५० रु. पुढे कंसात : 'नाव आपन वाचलं.'